चर्चमागची खोली

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चकलीची भाजणी दळून आली असेल, अनारशांचे पीठ मुरत असेल, आणि आकाशकंदिलाचा कागद कुणी कापायचा यावरून मुलांची भांडणे जुंपली असतील. आमचे घर ख्रिस्ती, तेव्हा आमच्या करंज्या नाताळात होतात. परंतु म्हणून दिवाळीत आम्ही कोरडे राहतो असे मात्र समजू नका! शेजारच्या सात-आठ घरांतून फराळाची ताटे येतात. रिकामे ताट परत करायचे नाही हा आमच्या आईचा दंडक, त्यामुळे मूठभर साखर तरी घालून मी ती परत करते. नाताळात हीच ताटे उलट दिशेने चालू लागतात. कुणाच्या करंजीत सारण कमी होते याची चर्चा मात्र दोन्ही सणांना सारखीच रंगते.

पण याच दिवसांत आमच्या गावच्या वेशीपाशी दुसरी एक गडबड उडालेली असते. दसरा झाला की तेथे ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उन्हाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी माणसे ऊसतोडीला निघतात. दोन पातेली, एक परात, बाजरीचे पोते, खुराड्यात कोंबड्या, आणि पोत्यावर बसवलेले मूल! नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरतात. मुलाला हिशेबात जागा नसते. ते आपले पोत्यावर असते. साखर कारखान्याचा पट्टा पडून माणसे परत येईपर्यंत होळी उलटून जाते, कधी पाडवाही होतो. तोवर शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे नुसते शून्य पडत राहते.

आमचे गाव शेवगाव तालुक्यातले. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ सालापासूनचा अहिल्यानगर. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून नुसता ‘नगर’च आहे, आणि मीही पुढे तसेच लिहिणार आहे. गावात आमचे एक लहानसे चर्च आहे. भिंती दगडी, वर पत्रे, दारात कडुनिंब. चर्चच्या मागे एक लांबोडकी खोली आहे. आज तुम्हाला सांगायचे आहे ते या खोलीविषयी. आणि जरा अवघड वाटते, पण माझ्या स्वतःविषयीही.

आधी माझी ओळख द्यायला हवी. मी गावातल्या एका खासगी शिशुवर्गाची बाई. मॅट्रिक, म्हणजे आताच्या भाषेत दहावी पास. त्यापुढे माझे शिक्षण झाले नाही. दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, आणि त्या कुणी वाचल्या असे कळले की मी दिवसभर खुशीत असते. वय चाळिशीच्या पुढे गेले आहे. यजमान एस. टी. त वाहक आहेत. संध्याकाळी मी चर्चमागच्या खोलीत मुलांचा अभ्यास घेते, आणि रविवारी त्याच खोलीत रविवार शाळा भरवते. शिक्षण, नोकरी, चर्च, साहित्य, सगळे मिळून माझा पसारा एवढाच!

ही खोली चर्चहून जुनी आहे. आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, याच खोलीत अक्षरे शिकले. तेव्हा वेगळे चर्च नव्हतेच. मिशनने नेमलेला एक मास्तर होता. तो सहा दिवस येथे शाळा भरवी आणि सातव्या दिवशी येथेच उपासना घेई. शनिवारी संध्याकाळी फळा भिंतीकडे वळवून ठेवला की शाळेचे देऊळ झाले, आणि सोमवारी सकाळी तो पुन्हा फिरवला की देवळाची शाळा झाली! आजोबा सांगत, की गावच्या शाळेत त्यांच्या जातीच्या मुलांना ओट्याखाली बसवीत. पाटी मास्तर दुरून पाहत. मिशनच्या मास्तराने पहिल्या दिवशी त्यांचा हात हातात धरून ‘ग’ गिरवून घेतला. आजोबा थरथरले. ‘ग’ अवघड होता म्हणून नव्हे. आपला हात कुणी असा धरील हेच त्यांना ठाऊक नव्हते. शेवटपर्यंत ते पवित्र शास्त्र वाचीत ते ओळीखाली बोट ठेवून, आणि ‘ग’ आला की बोट किंचित थांबे. हा माझा भास असेल. पण मी तो जपून ठेवला आहे.

आमच्या लोकांना ‘भाकरीसाठी बाटलेले’ म्हणून हिणवीत. मी शाळेत असतानाही हा शब्द ऐकला आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात माणसे अन्नान्न करीत असताना मिशनने पोरकी मुले गोळा केली, त्यांना खाऊ घातले, शिकवले, आणि त्यांतली पुष्कळ ख्रिस्ती झाली, हे खरेच आहे. ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही. आजोबांना हे विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाळ, भाकर खाल्ली ती दुसऱ्या दिवशी जिरली. अक्षर जिरलं नाही. आता तूच सांग, आम्ही कशासाठी राहिलो ते.”

आजोबांच्या त्या मास्तरामागे मोठा इतिहास उभा होता, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकन मिशनची माणसे १८१३ साली मुंबईला उतरली आणि १८३१ साली नगरला आली. सिंथिया फरार नावाची एक अविवाहित बाई १८२७ साली सातासमुद्रापलीकडून मुलींना शिकवण्यासाठी या देशात आली. १८३९ पासून नगर हेच तिचे घर झाले आणि १८६२ साली ती तेथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेतले, त्यात तिच्या नगरच्या शाळेचे नाव येते. १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली त्याच ज्ञानोदयाने छापला. चौदा वर्षांची मुलगी! मी त्या वयात ‘माझा आवडता प्राणी’ लिहीत होते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात, ती १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजीही मिशनच्या शाळेतच शिकलेले. म्हणजे माझ्यासारखीचा दुहेरी ऋणसंबंध झाला.

आणि लक्ष्मीबाई टिळक! लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे शिकली आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून बसली. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या बायकांनी तिचा फोटो घरात लावावा अशी माझी सूचना आहे. मला तिच्याबद्दल विशेष वाटते ते आणखी एका गोष्टीसाठी. टिळकांच्या घरात स्वतःच्या मुलांखेरीज दुसऱ्यांची मुलेही वाढत. पंगतीला किती पाने लागणार याचा त्या घरात भरवसाच नसे.

आमची आई शिकली ती नगरच्या बोर्डिंगात. ती आठ वर्षांची असताना, म्हणजे १९६१ च्या सुमाराला, आजी तिला घेऊन गेली. आमच्या गावची मिशनची शाळा तोपर्यंत बंद झाली होती. मास्तर म्हातारे होऊन गेले होते आणि दुसरा आला नव्हता. आजीला स्वतःला अक्षर येत नव्हते. बोर्डिंगाच्या दारात उभी राहून ती एवढेच म्हणाली, “ठिवून घ्या बाई हिला. घरी ठिवली तर शेळ्यांमागं जाईल.” मग तिने पदराच्या गाठीतले पैसे सोडून टेबलावर ठेवले, आणि मागे न बघता एस. टी. ची वाट धरली.

बोर्डिंग म्हणजे काही स्वर्ग नव्हता. पहाटे घंटा, थंड पाणी, पाळीपाळीने झाडलोट आणि भाकरी थापणे, आठवड्यातून एकदा डोक्यातल्या उवांची तपासणी. आई पहिल्या महिन्यात रोज रात्री रडली. अशा घरांत माया कमी आणि शिस्त जास्त असे, मुलांना गावाची ओढ तुटल्यासारखी होई, हे तिनेच मला सांगितले आहे. पण ती हेही सांगे, की रात्री कंदील मालवण्यापूर्वी मेट्रनबाई हातात दिवा घेऊन प्रत्येक अंथरुणापाशी थांबत आणि मुलीचे नाव घेत. मुलीने ‘हो बाई’ म्हटले की पुढच्या अंथरुणाकडे जात. “त्या नाव घेतील म्हणून मी जागी राहायची,” आई म्हणे, “आणि त्यांनी घेतलं की मला झोप यायची.”

आई सातवी होऊन आली. पुढे तिचे लग्न झाले, संसार झाला. मी सहावीत असताना वडील गेले आणि ती आम्हाला घेऊन माहेरी आली. नोकरी तिने कधी केली नाही. पण आमच्या आळीतले प्रत्येक पत्र तिने वाचले, प्रत्येक अर्ज तिने लिहिला, आणि सावकाराच्या वहीवर अंगठा उठवण्यापूर्वी बायका तिच्याकडे कागद घेऊन येत. एका मुलीला ठेवून घेतल्याने आळीच्या आळी शहाणी झाली.

माझी पाळी आली तेव्हा मात्र दार उघडले नाही. १९९६ साली मी मॅट्रिक झाले. गुण बरे होते. नगरला जाऊन पुढे शिकावे, शिक्षिका व्हावे असे मनात होते. राहण्याची सोय हवी होती. एका वसतिगृहाकडे अर्ज केला. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. पूर्वीचे दिवस गेले होते. परदेशातून येणारा पैसा आटला होता, आणि आता तेथे भरायची फी आमच्या आवाक्याबाहेर होती. सवलतीसाठी आई दोनदा गेली. दुसऱ्यांदा तिला बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसवले आणि मग ‘पुढच्या वर्षी बघू’ असे सांगितले. सरकारी शिष्यवृत्ती म्हणावी तर अनुसूचित जातींच्या सवलती आम्हाला नाहीत. १९५० च्या आदेशाने त्या ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले, आम्ही बाहेरच राहिलो. आजोबांना ओट्याखाली बसवणारी जात गावाने आम्हाला विसरू दिली नाही, आणि कागदाने तिची आठवण ठेवली नाही! असो. मी घरी राहिले. दोन वर्षे रडले, मग लिहू लागले.

एवढे सांगितल्यावर वाचकांना वाटेल, की ही बाई आता चर्चच्या शाळांवर तुटून पडणार. तसे नाही. शहरांतून चर्चच्या मोठमोठ्या शाळा आहेत. तेथे हजारो घरांतली मुले शिकून शहाणी झाली आहेत, आणि ती कोणत्या धर्माची हे विचारले गेले नाही, याचा मला अभिमान आहे. पण २०२१ साली राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशातल्या ख्रिस्ती शाळांमधल्या चार मुलांपैकी जवळजवळ तीन ख्रिस्ती नाहीत, असे त्यात होते. आणि गरीब घरांतली मुले तर अगदी थोडी. पहिल्या आकड्याचे मला दुःख नाही. दुसऱ्याचे आहे. शिक्षणहक्काच्या कायद्याने खासगी शाळांवर पंचवीस टक्के जागा गरिबांसाठी ठेवण्याचे बंधन घातले; २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून मोकळे केले. कायद्याने मोकळे केले म्हणून आपण आपल्याच मनाला मोकळे करावे काय? ऊसतोडीच्या पोत्यावर बसलेले मूल ख्रिस्ती असो की नसो, त्या फाटकापर्यंत ते पोचणार कसे?

रविवार शाळेची गोष्टच पाहा. आम्ही तिला आता वचन पाठ करण्याची आणि नाताळाचे नाटक बसवण्याची शाळा समजतो. पण १७८० साली रॉबर्ट रेक्स नावाच्या गृहस्थाने इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी अशा शाळा काढल्या त्या कशासाठी? आठवड्याचे सहा दिवस मजुरीला जुंपलेल्या पोरांना सातव्या दिवशी तरी वाचायला यावे म्हणून! प्रार्थना होतीच, पण प्रार्थनेच्या पुस्तकातली अक्षरे आधी लावायची होती. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. कारण तोपर्यंत माझ्या हातून एक गोष्ट घडून गेली होती.

तीच आता सांगते.

पाच वर्षांपूर्वीची हकीकत. आमच्या मंडळीच्या कमिटीत एक विषय निघाला होता. ऊसतोडीला जाणाऱ्यांची चार-पाच मुले हंगामभर चर्चमागच्या खोलीत ठेवून घ्यावीत, म्हणजे त्यांची शाळा बुडणार नाही. पाळकसाहेबांनीच तो काढला. खजिनदार म्हणाले, खर्च कोण करणार? दुसरे म्हणाले, जबाबदारी कोण घेणार? मुलीबाळींचा प्रश्न! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. रोज संध्याकाळी त्या मुलांत बसणारी मीच होते.

मी खाली सतरंजीकडे पाहत राहिले. मी ‘हो’ म्हटले असते तर सहा महिने त्या मुलांचे जेवणखाण, निजणे, दुखणे माझ्याकडे येणार होते. आणि माझी दुसरी कादंबरी तेव्हा अर्ध्यावर होती. प्रकाशकांनी मार्चपर्यंत मागितली होती. पाळकसाहेब थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “बरं, पुढल्या वर्षी बघू.” आईला बाकावर बसवून जे शब्द सांगितले होते तेच हे शब्द, पण त्या दिवशी ते माझ्या कानांना ओळखू आले नाहीत.

त्या वर्षी माझ्या संध्याकाळच्या वर्गातली आठवीतली एक मुलगी आईबापांबरोबर गेली. हुशार होती. निबंधाला तिच्या हातून नेहमी एक तरी असे वाक्य उतरे, की मी ते दुसऱ्यांदा वाचावे. हंगाम संपून ती आली ती परीक्षा आटोपल्यावर. पुढल्या वर्षी पुन्हा गेली. मग शाळेत आलीच नाही.

माझी कादंबरी वेळेवर पूर्ण झाली. ती कशावर होती सांगू? ऊसतोडीला जाणाऱ्या एका मुलीवर. कोपीत पहाटे तीनला उठून चूल कशी पेटवतात, पाचटाने हात कसे कापतात, गाडीच्या रांगेत रात्र कशी जाते, हे सगळे मला त्याच मुलीने सांगितले होते. दोन ठिकाणी चांगले अभिप्राय आले. एकाने लिहिले, लेखिकेला या मुलांबद्दल खरी कळकळ आहे.

दोन वर्षांपूर्वी शेवगावच्या बाजारात ती मला भेटली. कडेवर मूल होते. तिचे लग्नाचे कायदेशीर वय अजून झाले नव्हते, हे मी मनातल्या मनात मोजले. तिने वाकून नमस्कार केला आणि हसून विचारले, “बाई, पुस्तक झालं का लिहून?”

मी ‘झालं’ म्हटले. मेथीची जुडी हातात तशीच धरून मी उभी होते. ‘मला वाचायला द्या की’ असे ती म्हणाली, आणि गाडी चुकेल म्हणून घाईने निघून गेली.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. या खेपेला विषय निराळा होता. एका खतविक्रेत्याला गोदाम हवे होते. चर्चमागच्या खोलीचे महिना तीन हजार रुपये द्यायला तो तयार होता. पत्रे गळतात, रंग उडाला आहे, तीन हजार थोडे नाहीत. खजिनदारांनी हिशेब मांडला, आणि त्यात खोट नव्हती. संध्याकाळचा वर्ग मी घरी घ्यावा असेही सुचवण्यात आले.

मी उभी राहिले. पाय लटपटत होते. कमिटीत पदवीधर आहेत, एक अभियंते आहेत, मी मॅट्रिक. मी म्हटले, “या वर्षी माझ्या वर्गात तेवीस मुलं आहेत. त्यांतली नऊ ऊसतोडीच्या घरची. चौघांच्या घरी आजी आहे. पाच जणांचं कुणी नाही. ही खोली मला हंगामभर त्या पाचांसाठी द्या. मागे तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसले. मला कादंबरी लिहायची होती.”

हे शेवटचे वाक्य मी ठरवून आले नव्हते. ते आपसूक निघाले. सभेत शांतता पसरली.

अभियंते म्हणाले, सरकार हंगामी वसतिगृहाची योजना चालवते. मी म्हटले, चालवते. आणि जेवणाची सोय होते तेथे आजीचे ओझे हलके होते. आपल्या पाचांचा प्रश्न रात्रीचा आहे. रात्री त्यांचे नाव कोण घेणार? एकाने विचारले, पाचही आपल्या मंडळीतली का? तीन आपली, दोन शेजारची, मी म्हटले. तेव्हा कोपऱ्यातले ऐंशी वर्षांचे आमचे जुने पंच पहिल्यांदा बोलले. “मास्तर असते तर त्यांनी हे विचारलं नसतं,” एवढेच ते म्हणाले. त्यांनी आजोबांचे मास्तर पाहिलेले होते.

गोदामाला नकार गेला. खजिनदारांनी नाखुशीने वहीत नोंद केली. प्रत्येक घराने एक पायली बाजरी द्यायची, सुगीच्या सणाला चर्चमध्ये येणाऱ्या धान्यातून वाटा काढायचा, रात्री माझ्याबरोबर मंडळीतल्या दोन बायकांनी पाळीपाळीने झोपायला यायचे, आईबापांची लेखी संमती घ्यायची, शाळेला आणि ग्रामपंचायतीला कळवायचे, असे ठरले. त्या दोन घरच्या आईबापांना मी आधीच सांगितले, की सकाळी आम्ही गीत म्हणतो आणि प्रार्थना करतो. तुमच्या मुलांवर त्याची सक्ती नाही. त्यांतला एक मुलगा त्या वेळात पाणी भरून ठेवी. दुसरा झोपे. झोपणाऱ्याविषयी माझी काही तक्रार नाही. उपासनेत झोपणारे मोठे लोकही मी पाहिले आहेत.

पाच मुले आली. कुणाच्या हातात पत्र्याची पेटी, कुणाच्या खताच्या पिशवीत कपडे. तिसरीतल्या एका मुलीची आई बराच वेळ दारात घुटमळली. मग म्हणाली, “रातची दचकते ती. दिवा मालवू नका.” ट्रकचा भोंगा वाजला तशी ती गेली. तीही मागे न बघता गेली. पुढच्या वळणावर मात्र तिने पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. आमच्या आजीनेही बहुधा असेच केले असेल. ते पाहायला कुणी नव्हते इतकेच.

मग दिवाळी आली. मोठाच पेच पडला! दोन मुलांच्या घरी नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावून न्हाऊ घालतात. ख्रिस्ती बाईने करावे काय? शेजारच्या काकूंकडून मी वाटीभर उटणे मागून आणले, पहाटे पाचला पाणी तापवले आणि दोघांना न्हाऊ घातले. ते पाहून उरलेले तिघे हटून बसले, की आम्हालाही पाहिजे. अशा रीतीने त्या दिवशी पाचही जण सुवासिक झाले, आणि चर्चमागच्या खोलीला उटण्याचा वास दोन दिवस येत होता. उजाडताना पाहते तो खजिनदार दारात उभे. हातात एक जुना आकाशकंदील. म्हणाले, “घरी पडून होता. नातवाला आता विजेचा आणलाय.” आणि स्वतःच कडुनिंबाच्या फांदीला तो बांधून, चहासुद्धा न घेता निघून गेले. नाताळात त्याच कंदिलाची आम्ही चांदणी केली.

सगळे गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. जानेवारीत एका मुलाचा बाप येऊन त्याला घेऊन गेला. फडावर धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हते. मी भांडले, उपयोग झाला नाही. राहिलेल्या चौघांना गोवर-कांजिण्या सोडून सगळी दुखणी झाली. पत्रे अजून गळतात. मला स्वतःला त्या सहा महिन्यांत एक ओळ लिहिता आली नाही, आणि काही रात्री मी त्या मुलांवर नाही म्हटले तरी चिडलेही. परंतु चौघांची परीक्षा झाली, चौघे वरच्या वर्गात गेली. जी रात्री दचकत होती तिच्या अंथरुणापाशी मी दिवा घेऊन थांबे आणि तिचे नाव घेई. संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस मी नाव घेतले आणि उत्तर आले नाही. घाबरून वाकून पाहिले, तर ती गाढ झोपली होती.

चर्चने आमच्या मुलांसाठी काय केले, असा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. कुणी कौतुकाने, कुणी संशयाने. इमारती, सनावळ्या, मोठमोठी नावे, सगळे सांगता येते, आणि मीही वर सांगितलेच आहे. पण माझ्यापुरते उत्तर लहान आहे. जेव्हा जेव्हा चर्चने मूल ठेवून घेतले, तेव्हा तेव्हा त्याने शिकवले. जेव्हा जेव्हा ‘पुढल्या वर्षी बघू’ म्हटले, तेव्हा एक मूल पोत्यावर जाऊन बसले. आणि चर्च म्हणजे काही पाळकसाहेब नव्हेत, की दगडी भिंती नव्हेत. सतरंजीकडे पाहत बसलेली मी, तीच त्या दिवशी चर्च होते.

यंदाची यादी सात नावांची आहे. बाजरी गोळा होते आहे. उटणे मी यंदा आधीच आणून ठेवले आहे. बाजारात भेटलेल्या त्या मुलीकडे मी पुस्तक पाठवले. तिने ते वाचले, आणि निरोप धाडला, की कोपीतल्या चुलीचे वर्णन चुकले आहे. वारा त्या बाजूने येत नाही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन. तिच्या कडेवरचे मूल तीन वर्षांचे झाले, की त्याला माझ्या शिशुवर्गात घालायचे तिने कबूल केले आहे. फी किती, असे तिने विचारले होते. मी कळवले, की एका वर्षाची फी लेखिकेकडे आधीच जमा आहे.